पन्हाळ्यावर मुक्कामाला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पन्हाळ्याला आजवर किती वेळा गेलात, असे मला कुणी विचारले तर आकडा सांगता यायचा नाही. ज्याचा जन्म सांगलीत गेला त्याला पन्हाळा काही लांब नाही. सातवीत असताना शाळेच्या सहलीबरोबर गेलो. लग्न झाल्यावर सौभाग्यवतींना घेऊन गेलो. मुले लहान होती तेव्हा गेलो, बँकेतल्या मंडळींबरोबर गेलो. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की अंबाबाईचे दर्शन, जोतिबा आणि पन्हाळा एका दिवसात ‘करून’ आणायचा, हा तर आमच्या घरचा नेमच होता. सकाळी सातला निघायचे आणि रात्री नवाच्या आत घरी. ‘करून आणणे’ हाच शब्द आम्ही वापरत असू. तहसीलदार कचेरीतले काम करून आणावे तसा पन्हाळा करून आणायचा.

एवढ्या खेपा झाल्या, पण त्या गडावर मी एक रात्रही काढलेली नव्हती. ते भाग्य मला गेल्या हिवाळ्यात लाभले आणि ते आजारपणाने दिले, हे आधीच सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर कोचीला जायचे आमचे ठरले होते. सौभाग्यवतींनी कुठेतरी फोर्ट कोचीची छायाचित्रे पाहिली होती. समुद्रकाठची ती चिनी जाळी, जुन्या वखारी, वास्को द गामाला आधी पुरले होते ते चर्च, मट्टनचेरीच्या मसाल्याच्या गल्ल्या. गाडीची तिकिटेही काढून झाली होती. आणि निघायच्या तीन आठवडे आधी माझ्या छातीत दुखू लागले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली घरोघरी कुणी ना कुणी त्यातून गेलेले असते. दोन स्टेंट बसले. घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी बजावले, “लांबचा प्रवास तूर्त नाही. विश्रांती घ्या.”

श्रोतेहो, छत्तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे म्हणजे ‘आता उद्यापासून पोहा’ असे सांगण्यासारखे आहे. पाण्यात उतरल्यावर हातपाय कसे मारायचे, ते कुणी सांगत नाही. मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरू लागलो. विजेचे बिल भरायची तारीख, गॅसचा नंबर, पेपरवाल्याचे खाडे यांत डोके घालू लागलो. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “जवळपास कुठेतरी हवापालट करून या. चढ-उतार फार नको.” सौभाग्यवती तिथल्या तिथे म्हणाल्या, “पन्हाळा.”

मी म्हटले, “अगं, पन्हाळ्यावर आता बघायचे काय राहिलेय?”

“चार दिवस राहू या. मग सांगा काय राहिलेय ते.”

जाताना मी सवयीप्रमाणे यादी केली. पहिला दिवस सकाळी नऊ ते साडेनऊ बाजीप्रभूंचा पुतळा, साडेनऊ ते दहा अंबरखाना, दहा ते सव्वादहा ताराराणींचा वाडा, अशी. कोल्हापूर सोडून पंचगंगा ओलांडली. उसाने भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत रांगत वाघबीळ गाठले, वळणे संपली आणि गडाच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडली, तोवर माझ्या यादीतला दीड तास वाया गेला होता. मी चडफडत होतो. खोलीवर पोचल्यावर सौभाग्यवतींनी यादी मागून घेतली, वाचली, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवून दिली. ती अजून मला परत मिळालेली नाही.

आता पन्हाळ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून थोडा अधिक उंच असा हा गड. तटाचा घेर सात किलोमीटरच्या वर. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या शेवटी इथे राजधानी केली. पुढे यादव, बहामनी, आदिलशाही अशा राजवटी आल्या. अफजलखानाचा वध झाल्यावर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांनी तो घेतला. बाकी बहुतेक गडांवर आज फक्त दगड आणि वारा राहिला आहे. पन्हाळ्यावर मात्र वस्ती आहे, शाळा आहे, नगरपरिषद आहे, सकाळी दूधवाला येतो आणि संध्याकाळी दळणाचे डबे गिरणीत जातात. २०११च्या जनगणनेत इथली वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. आठशे वर्षांत या गडावरची चूल बहुधा कधी पुरती विझलेली नाही.

हे मला कळले ते पहिल्याच संध्याकाळी. पन्हाळा एका दिवसात करणारा माणूस साडेपाचला गाडीत बसतो. आम्ही बसलो नाही. सहाच्या सुमारास शेवटच्या सहलीची एसटी खाली गेली, कणसांच्या गाड्यांवरचे निखारे विझवले गेले, घोडेवाल्याने घोडा घराकडे वळवला आणि गड एकदम गप्प झाला. कुठल्याशा घरातून फोडणीचा वास आला. एक मुलगी ओट्यावर बसून मोठ्याने पाढे म्हणत होती. आम्ही दोघे पुसाटी बुरुजाकडे गेलो. समोर मसाई पठाराची लांबलचक काळी रेघ आणि तिच्यामागे सूर्य. आमच्या एकाही सहलीत हा सूर्यास्त नव्हता, कारण त्या वेळी आम्ही नेहमी केर्लीच्या आसपास असायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडीने जाग आली. खिडकी उघडली तर बाहेर काहीच नव्हते. दरी नव्हती, झाडे नव्हती, नुसते धुके. आठ वाजता ते हळूहळू फाटू लागले आणि खाली पूर्वेला सपाटी दिसली. उसाची शेते आणि मध्ये मध्ये गुऱ्हाळांच्या चिमण्यांतून सरळ वर जाणारा धूर. हिवाळ्यात कोल्हापूरच्या हवेला गुळाचा वास असतो म्हणतात. तो गडावर पोचत नाही, पण नुसता धूर पाहूनही तो आल्यासारखा वाटतो.

कोपऱ्यावर एका मावशींची चहाची टपरी होती. डॉक्टरांच्या आज्ञेनुसार मला अर्धा कप, बिनसाखरेचा. मावशींनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. “पाव्हणं, एवढ्या थंडीत ह्यो चहा व्हय?” मी कारण सांगितले. त्या म्हणाल्या, “मग घाईनं पिऊ नका. बसा. मी दुपारपतोर हितंच असतो.” आमच्याकडच्या बायका ‘मी असते’ म्हणतात; कोल्हापूरकडच्या ‘मी असतो, मी जातो, मी येतो’ म्हणतात. त्या ‘असतो’मध्ये एक आधार असतो, तो सांगलीकरांना जमत नाही.

त्या दिवशी आम्ही फक्त अंबरखाना पाहिला. पूर्वी मी तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबलो नसेन. आत जायचे, ‘हे धान्याचे कोठार’ असे मुलांना सांगायचे, एक आरोळी ठोकून घुमलेला आवाज ऐकायचा आणि बाहेर. या वेळी मात्र एक शाळा सहलीला आली होती. मुले ओळीने पायऱ्या चढत होती आणि गाइड खड्या आवाजात सांगत होता : कोठ्या तीन. गंगा, यमुना, सरस्वती. सर्वांत मोठी गंगा. तिच्यात पंचवीस हजार खंडी धान्य मावते, असे सांगतात. वरी, नागली, भात. छताला भोके आहेत. बाहेरच्या जिन्याने वर चढायचे आणि भोकांतून धान्य आत ओतायचे. तेवढ्यात एका चुणचुणीत मुलाने विचारले, “पण एवढं धान्य कशाला?” गाइड म्हणाला, “वेढा पडला तर खायला नको?”

मुले पुढे गेली, मी तिथेच एका गार दगडावर बसलो. लढाई म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तलवारी येतात. चौथीच्या पुस्तकापासून आपण तलवारीच पाहिल्या आहेत. पण गड बांधणाऱ्याने सर्वांत जास्त दगड कुठे खर्च केला? तटाला आणि या कोठारांना. म्हणजे शत्रू खाली बसला असताना आपण वर किती दिवस बसू शकतो, यावर सगळा हिशोब. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा राखीव निधी. तो असेल तरच थांबता येते.

मार्च १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर आले आणि सिद्दी जौहरने वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री महाराज निसटले. ती पौर्णिमेची पावसाळी रात्र, दुसऱ्या पालखीत बसून मरण पत्करणारा शिवा काशीद, घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू, हे सगळे प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. मी ते पुन्हा सांगत नाही. मला त्या दगडावर बसून प्रश्न पडला तो आधीच्या चार महिन्यांचा. सबंध उन्हाळा गेला. खाली वेढा आवळत चाललेला. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आले. गडावर गोळे पडू लागले. तीस वर्षांचा, सतत घोड्यावर असणारा तो राजा, रोज सकाळी उठून त्याच तटावरून तेच तंबू पाहत असेल. बाहेर निघण्याची वेळ येईपर्यंत, पाऊस पडून पहारे सैल होईपर्यंत, त्याने वाट पाहिली. आपण त्या एका रात्रीचे पोवाडे गातो. त्या चार महिन्यांचा पोवाडा कुणी गात नाही, कारण त्यांत काही घडत नाही. आणि मी? मला दोन महिने घरात बसवेना, तर मी पेपरवाल्याचे खाडे मोजत होतो.

सौभाग्यवतींना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, “महाराजांनी त्या चार महिन्यांत विजेच्या बिलावरून कुणाशी भांडण नसेल काढलं.” मी विषय वाढवला नाही.

दुपारी जेवण गावातच. पायथ्याच्या वाड्यांमधून बायका झुणका-भाकरीच्या पाट्या घेऊन येतात. ज्वारीची भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, घट्ट दही आणि बुक्कीने फोडलेला कांदा. खर्ड्याकडे मी नुसते पाहिले. दह्याला मात्र डॉक्टरांची हरकत नव्हती.

चार वाजता तीन दरवाजा आणि शेजारची अंधारबाव. ही आदिलशाहीतली तीन मजली, काळ्या दगडाची इमारत. सर्वांत खाली विहीर, मधल्या मजल्यातून बाहेर निघायची गुप्त वाट, वर राहायला जागा. बाहेरून पाहणाऱ्याला आत पाणी आहे असा संशयही येऊ नये. वेढ्यात पाणी नासवले की गड पडतो, म्हणून पाण्यालाच तटबंदी. मी हळूहळू, भिंतीला हात धरून दहा पायऱ्या उतरलो आणि थांबलो. पूर्वी मी या पायऱ्या मुलाशी शर्यत लावून उतरत असे.

मुलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझा मुलगा पुण्याला असतो. चांगल्या कंपनीत अभियंता होता. दोन वर्षांपूर्वी त्याने ती नोकरी सोडली आणि मित्राबरोबर स्वतःचे काहीतरी सुरू केले. सोडल्यावर दीड महिन्याने मला सांगितले. मी आयुष्यभर लोकांच्या कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस. मी जे बोलायचे नव्हते तेही बोललो. तेव्हापासून आमचे फोन चालू होते, पण कसे? “जेवलास का?” “हो.” “पाऊस आहे का तिकडे?” “आहे थोडा.” मग फोन आईकडे. दवाखान्यात तो आठ दिवस माझ्या उशाशी होता, रात्र-रात्र जागला. तिथेही आम्ही सलाइन आणि रिपोर्ट यांपलीकडे बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोरोपंतांच्या शोधात निघालो. आर्या लिहाव्या तर मोरोपंतांनीच, असे आम्हाला शाळेत शिकवलेले. पण ते १७२९ मध्ये या पन्हाळ्यावर जन्मले, इथेच शिकले आणि ऐन तारुण्यात बारामतीला गेले, हे माझ्या डोक्यातून पार पुसले गेले होते. गडावर त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. पराशर ऋषींच्या म्हणून ज्या गुंफा दाखवतात तिथे बसून मोरोपंत लिहीत, असे गावकरी सांगतात. तिथे बसल्यावर ते खरे वाटते. इतकी शांतता की आपल्याला दोन ओळी सुचल्या नाहीत तर दोष जागेचा म्हणता येणार नाही.

दुपारी खोलीवर परतलो तर मुलगा दारात उभा. आईने परस्पर बोलावून घेतले होते. “दोन दिवस सुट्टी काढली,” तो म्हणाला. मी म्हटले, “स्वतःच्याच धंद्यातून सुट्टी कुणाकडे मागायची असते?” हे बोललो आणि जीभ चावली. तो हसला, पण ते हसणे ओठांवरच राहिले.

संध्याकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “माझे गुडघे दुखताहेत. तुम्ही दोघे फिरून या.” त्यांचे गुडघे असे योग्य वेळी दुखतात, हा पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

आम्ही सज्जाकोठीकडे गेलो. गडाच्या कड्यावर, दरीच्या अगदी काठावर ही दुमजली इमारत उभी आहे. वरच्या खिडकीत बसले की खाली खोल दरी आणि दूरवर जोतिबाचा डोंगर. संभाजीराजांचा मुक्काम इथे होता, असे सांगतात. आम्ही खिडकीत बसलो. बोलायला काही नव्हते, म्हणून मी इतिहास सांगू लागलो. बाप लोकांचा हा जुना आडोसा आहे.

सांगितले की, डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे वडिलांना सोडून दिलेरखानाच्या छावणीत गेले. का गेले, यावर इतिहासकार आजवर वाद घालत आहेत. वर्षभराने ते तिथून निसटले आणि पन्हाळ्यावर आले. मग जानेवारी १६८० मध्ये महाराज स्वतः पन्हाळ्यावर आले. बाप-लेकांची भेट याच गडावर झाली.

“काय बोलले?” मुलाने विचारले.

“बखरींत लिहिलेय पुष्कळ. पण बखरी नंतरच्या. खोलीत कुणी लेखणी घेऊन बसलेला नव्हता.”

“रागावले असतील.”

“असतील. पण आले स्वतः.”

तो दरीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पुढं?”

“पुढे महाराज रायगडाकडे गेले. ३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. संभाजीराजे तेव्हा इथेच, पन्हाळ्यावर होते.”

“म्हणजे पुन्हा भेट नाही?”

“नाही.”

हे मी आधीही वाचले होते, कुणाकुणाला सांगितलेही होते. पण ‘नाही’ म्हणताना माझा आवाज बसला. तीन महिन्यांचाही अवधी नव्हता, आणि दोघांपैकी कुणालाच ते माहीत नव्हते. माझ्या छातीतल्या त्या दोन जाळ्या त्या क्षणी मला जाणवल्या, असे म्हटले तर डॉक्टर हसतील. स्टेंट जाणवत नसतात.

थोड्या वेळाने मी विचारले, “तुझ्या त्या कामात नेमके काय करता रे तुम्ही?” दोन वर्षांत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता. तो सांगू लागला. लहान कारखान्यांची जुनी यंत्रे नीट चालावीत म्हणून त्यांना बसवायची काही उपकरणे, त्यांचे हिशोब, पहिल्या वर्षीचा तोटा, दुसऱ्या वर्षी फिटलेला. मला निम्मे कळले, निम्मे कळले नाही. मध्ये एकदा “व्याजदर किती?” असे तोंडून निघालेच. पण या वेळी तो खरेच हसला. अंधार पडला तेव्हा आम्ही उठलो. पायऱ्यांवर त्याने माझा दंड धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही. एवढेच घडले. कुणी कुणाच्या गळ्यात पडले नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही.

शेवटच्या सकाळी तिघेही मावशींच्या टपरीवर. समोरच्या फलकावरून गोष्ट जागतिक वारशावर आली. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्या बारांत आहे, जिंजीही आहे, याची मला गंमत वाटते. १६८९ मध्ये संभाजीराजांच्या पश्चात मोगलांचा फास आवळला, तेव्हा राजाराम महाराज इथूनच दक्षिणेकडे निघाले आणि वेष पालटत, लपत-छपत जिंजीला पोचले. सव्वातीनशे वर्षांनंतर हे दोन गड पुन्हा एका यादीत आले.

मी मावशींना म्हटले, “आता तुमच्या गडाला जगभरातून लोक येणार.” त्या म्हणाल्या, “येऊ देत की. पन आमचं घर गडावर हाय. उद्या पत्रा बदलायचा म्हटलं तर कुनाला इचारायचं, ते अजून कुनी सांगत न्हाई.” प्रश्न खरा आहे. रिकाम्या गडाचा वारसा जपणे एक वेळ सोपे. नांदत्या गडाचा जपणे अवघड. दगड जपायचे आणि दगडांत राहणारी माणसेही जपायची. हे जमवायचे तर त्या माणसांना बरोबर घ्यावे लागेल, कारण सहलीच्या गाड्या खाली गेल्यावर गडावर दिवा लावतात ते तेच.

मी विचारले, “२०२१ला पावसात रस्ता खचला होता, तेव्हा काय केलंत?” मावशी म्हणाल्या, “काय करनार? गाड्या न्हाईत, गिऱ्हाईक न्हाई. बसून ऱ्हायलो. घरात दानं हुतं तेवढं खाल्लं. गड कुठं जातोय? रस्ता आज ना उद्या हुनारच की.” मी चिरंजीवांकडे पाहिले. अंबरखान्याचा सगळा अर्थ मावशींनी चार वाक्यांत सांगून टाकला होता.

जाता जाता आणखी एक आठवण सांगतो. एप्रिल १७०१ मध्ये इंग्लंडचा वकील सर विल्यम नॉरिस पन्हाळ्याच्या पायथ्याशी औरंगजेबाच्या छावणीत नजराणे घेऊन आला होता. व्यापाराच्या सवलती मागायला आला आणि हात हलवत परत गेला. मायदेशी पोचण्याआधीच समुद्रात वारला. त्या वेळी बादशहा ब्याऐंशी वर्षांचा होता. दक्षिणेत येऊन त्याला वीस वर्षे होत आली होती. पन्हाळा त्याने घेतला, पण काही काळातच तो मराठ्यांनी परत मिळवला. एकामागून एक गड घेत राहिलेला हा माणूस शेवटी दिल्ली पुन्हा न पाहता नगरजवळ गेला. एवढे मोठे राज्य असून त्याला कुठे थांबावे ते कळले नाही. तटावरून खाली पाहताना मला त्याची छावणी दिसू लागली, आणि खरे सांगतो, थोडी दयाही आली.

श्रोतेहो, तुम्ही पन्हाळ्याला जाणार असाल तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. शनिवार-रविवार टाळा आणि मुक्कामाला जा. गाडी ठेवून चाला. गडाच्या माथ्यावर वाटा बहुतेक सपाट आहेत, माझ्यासारख्यालाही झेपतात. एका दिवशी एकच जागा पाहा. तीन दरवाजा सकाळी वेगळा दिसतो आणि संध्याकाळी वेगळा. झुणका-भाकरी तिथल्या बायकांकडून घ्या. तटावर नावे कोरू नका. ज्यांची नावे तिथे कोरायला हवी होती त्यांनी ती कोरलेली नाहीत. आणि शक्य असेल तर घरातले जे माणूस तुमच्याशी नुसते हवामानाचे बोलते, त्याला बरोबर न्या.

कोचीची तिकिटे आम्ही पुन्हा काढली आहेत. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. परवा मुलाचा फोन आला. वीस मिनिटे झाली तरी फोन माझ्याकडेच होता, तेव्हा सौभाग्यवती दोनदा येऊन पाहून गेल्या. तो म्हणाला, “बाबा, कोचीत कुठं कुठं जाणार? यादी केलीत का?”

मी म्हटले, “यादी तुझ्या आईच्या पर्समध्ये आहे.”